चौसष्ट चिंचोके

"आंबा अमेरिकेला जायचा तर जाऊ दे, पण ती किरणं खाऊन नको," असं मामांनी व्यापाऱ्याला सांगितलं, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. गाडी वळणाआड गेली तशी माझ्याकडे बघून म्हणाले, "हं, आता बोल. मघापासून चुळबुळ चाललीय तुझी."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि दर मे महिन्यात देवगड तालुक्यातल्या या घरी चार दिवस येते. पडवीत पेंढ्यावर अढी लावलेली असते, खळ्यात पेट्या भरायचं काम चालू असतं. व्यापारी काही वावगं सांगत नव्हता. २००७ सालापासून हापूस अमेरिकेला जातो तो विकिरण केंद्रातून जाऊनच. सुरुवातीला हे काम नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला झालं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये तिथं केंद्र उभारलं ते मुळात कांद्यासाठी, साठवलेल्या कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. आता वाशीलाही पणन मंडळाचं केंद्र आहे.

"इतकी वर्षं लोक पाठवतायत मामा. कुणाला काही झालं?"

"कुणाला काही झालं नाही म्हणून आपणही करावं, असं माझ्या बापानं मला शिकवलं नाही. तू मला समजावून सांग. आंब्यात किरणं शिरली ना? मग ती गेली कुठं?"

तीस वर्षं शिकवतेय, पण वर्गात हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नाही.

"तुम्ही साठं उन्हात घालता. संध्याकाळी उचलून घरात आणता. रात्री त्यातून ऊन बाहेर पडतं का?"

मामा हसले. "वकिली करू नको. ऊन राहत नाही, कबूल. पण सकाळी ताटात ओतला तो रस होता आणि संध्याकाळी उचललं ते साठं. ऊन गेलं, पण जाताना काम करून गेलं. मी तेच विचारतोय."

इथं मामांनी मला पकडलं. कारण किरणं काम करून जातात यात खोटं काहीच नाही. त्यासाठीच तर ती लावतात.

"कोयीत सोंडा असतो ना..."

"कोय फोडली की काळा भुंगा बसलेला असतो तो?"

"तोच. अमेरिकेला त्याची धास्ती. म्हणून आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा देतात. म्हणजे एका किलोमागे ४०० ज्यूल ऊर्जा. एवढ्यानं आंबा तापतो किती? एका अंशाचा दहावा हिस्सा. तुम्ही हातात धरलात तर याहून जास्त तापेल."

"आणि तेवढ्यानं भुंगा मरतो?"

"लगेच मरतो असंही नाही. कधी जिवंत सापडतो. पण त्याची वीण थांबते. पेशीत जो धागा असतो, ज्याच्यावर पुढची पिढी ठरते, तो तुटतो."

"माणसाला लागली तर?"

"सगळ्या अंगावर एका वेळी चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर शंभरातली निम्मी माणसं महिना-दोन महिन्यांत जातात."

"मग ऊब कसली मोजतेस? साप चावला तर त्याच्या दाताचं वजन करशील?"

माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. ऊर्जा किती, यापेक्षा ती कुठं आणि कशी लागली हे महत्त्वाचं. गरम पाण्याच्या पिशवीची ऊब सगळ्या अंगावर पसरते. गामा किरणाची ऊर्जा एकेका रेणूवर जाऊन पडते आणि त्याचा सांधा मोडते. आंब्याचेही काही सांधे मोडतातच. तो पिकायला थोडा उशीर लागतो, क जीवनसत्त्व काहीसं घटतं, मात्रा फार झाली तर साल डागाळते आणि गर मऊ पडतो. हे सगळं मी मामांना सांगितलं. "पण हे झालेलं काम आहे," मी म्हटलं. "काम करणारा आत बसून राहिलेला नाही."

"राहत नाही?" मामांचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्या मामीला मुंबईत कोबाल्टचा शेक दिला, तेव्हा तू शाळेत होतीस. घरी आणली तर इथला एक शहाणा म्हणाला, हिच्या अंगात आता किरणं आहेत, पोरांना लांब ठेवा. मी तिचं ताट वेगळं केलं. पेला वेगळा. महिनाभर."

आत भांडी घासल्याचा आवाज थांबला होता. "महिना नाही," मामी आतूनच म्हणाल्या. "दीड महिना."

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"त्यांच्या अंगात काही नव्हतं मामा," मी म्हटलं. "यंत्रातला कोबाल्ट झाकला गेला, त्या क्षणी संपलं. त्या टेबलावरून उतरल्या उतरल्या मांडीवर पोर निजवलं असतं तरी चाललं असतं."

मामांनी मान हलवली. ती हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. मास्तरकीची सवय वाईट. मला तिथंच गप्प बसायला हवं होतं, पण मी पुढं बोलत गेले. त्या शहाण्याचं म्हणणं अगदी हवेतलंही नव्हतं. थायरॉइडच्या कर्करोगात काही रुग्णांना आयोडीन १३१ पोटातून देतात. तिथं किरणं सोडणारा पदार्थच अंगात जातो, म्हणून त्या माणसाला काही दिवस खरोखर वेगळं ठेवावं लागतं. दर आठ दिवसांनी तो पदार्थ निम्मा होत जातो, शिवाय लघवीवाटेही बाहेर पडतो. मेरी क्युरींच्या वह्या पॅरिसला अजून शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत, कारण त्यांच्यावर रेडियमचे कण बसलेत आणि रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. शेकोटीपाशी बसून येणं वेगळं आणि निखारा पदरात बांधून आणणं वेगळं. आपल्याकडं दोन्हींना 'किरणं' हा एकच शब्द. मामी शेकोटीपाशी बसून आल्या होत्या, आणि घरानं त्यांना निखारा बांधून आल्यासारखं वागवलं.

"आणि शेकता शेकता आंबाच पेटला तर?" मामांनी विचारलं. "त्याच्याच आतले अणू बिघडले आणि तोच किरणं टाकायला लागला?"

"लहानपणी तुम्ही दगड मारून आंबे पाडायचात?"

"दुसऱ्याच्या बागेतले."

"दगड फांदीपर्यंत पोचतच नसेल तर शंभर मारा नाहीतर लाख, आंबा पडेल का? अणूच्या गाभ्यातून एक कण सुटा करायला साधारण ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा धक्का लागतो. आंब्यातल्या अणूंत सगळ्यात सैल गाभा जड हायड्रोजनचा, त्यालाही २२ लाख. विकिरण केंद्रातल्या कोबाल्टच्या सगळ्यात जोरकस किरणात १३.३ लाखच असतात. तो गाभ्याबाहेरच्या इलेक्ट्रॉनांची उलथापालथ करतो. गाभ्याला धक्का लागत नाही. आणि किरणं टाकायची की नाही हे ठरतं गाभ्यात."

हे मामांना पटलेलं दिसलं. निदान त्यांनी विषय बदलला, आणि मामा विषय बदलतात तो पटल्यावरच. "मग त्या निखाऱ्याला फुंकतं कोण? इतकी वर्षं विझत कसा नाही?"

हाच प्रश्न १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेकेरेलसमोर उभा राहिला, तोही ढगाळ हवेमुळं. युरेनियमचा क्षार उन्हात तापला की त्यातून किरणं निघतात, असा त्याचा अंदाज. त्यासाठी काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच आणि वर तो क्षार अशी तयारी केली, पण ऊन पडेना. सगळं खणात टाकून दिलं. मार्चच्या पहिल्या तारखेला काच धुऊन पाहिली तर तिच्यावर ठसा उमटलेला. ऊन नाही, आच नाही, कुणी फुंकलेलं नाही. दोन वर्षांनी मेरी क्युरींनी या गुणाला नाव दिलं; मराठीत आपण त्याला किरणोत्सार म्हणतो.

फुंकणारा आतच असतो. गाभ्यात प्रोटॉन असतात, सगळे धन विद्युतभाराचे, म्हणून एकमेकांना सतत ढकलणारे. त्यांना धरून ठेवणारं बळ जबरदस्त आहे, पण त्याचे हात आखूड. लगतच्या शेजाऱ्यापलीकडं पोचत नाहीत. न्यूट्रॉन कुणाला ढकलत नाही, धरायला मात्र मदत करतो.

"म्हणजे न्यूट्रॉन जितके जास्त तितकं बरं," मामा म्हणाले.

"नाही ना. नेहमीच्या कोबाल्टमध्ये २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन. हा कायमचा टिकतो. राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्टीत ठेवला की त्याला आणखी एक न्यूट्रॉन चिकटतो. ३३ झाले. आता जुळणी बिघडली. कधीतरी त्यांतला एक न्यूट्रॉन स्वतःच प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. २८ प्रोटॉन म्हणजे तो कोबाल्ट राहिलाच नाही; निकेल झाला."

"धातूच बदलला?"

"बदलला. तो इलेक्ट्रॉन पोलादी नळीच्या आतच अडतो. पण नवं निकेल जन्मतःच अस्वस्थ असतं, आणि दोन टप्प्यांत शांत होतं. दर टप्प्याला एक गामा किरण. आंब्याला लागतात ते हे दोन. त्यानंतर ते निकेल कुणाच्या वाटेला जात नाही."

"एका अणूचे दोनच किरण? मग संपलं?"

"त्या अणूपुरतं संपलं. बाकीचे आपापल्या वेळेला."

"वेळ ठरवतो कोण?"

तोंडी सांगून हे कळत नाही, हा माझा अनुभव आहे. मी मामींकडं चिंचोके मागितले. त्यांनी डबा आणून दिला. खेळायला फोडून ठेवलेले ते अर्धे चिंचोके, पाठ काळपट, पोट पांढरं. चौसष्ट मोजून सुपात घेतले, हलवले आणि खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर टाकले. पांढरे पडले ते फुटले, निकेल झाले. ते उचलून बाजूला. काळे राहिले ते पुन्हा सुपात. चौतीस उरले. पुन्हा टाकले, पंधरा. मग नऊ. मग चार. मामा आता पाटावरून उतरून उकिडवे बसले होते आणि सूप त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं होतं. तीन. एक. तो एक सातव्या फेकीलाही काळाच पडला, आठव्यालाही.

"हा चिवट आहे," मामा म्हणाले.

"नाही. इतरांसारखाच आहे. पुढच्या फेकीत तो पांढरा पडायची जेवढी शक्यता पहिल्या फेकीला होती, तेवढीच आताही आहे. मामा, तुमचा आंबा अढीत रोज थोडा पिकतो. देठापाशी दाबलं की तुम्हाला कळतं. कोबाल्टचा गाभा पिकत नाही. काल तयार झालेला आणि तीस वर्षं टिकलेला, दोघांत काडीचा फरक नसतो. अणूला वय नाही. सव्वापाच वर्षांत निम्मे फुटतात, पुढच्या सव्वापाच वर्षांत उरलेल्यांतले निम्मे. एवढंच सांगता येतं. तेच त्याचं अर्धायुष्य, आपल्या खेळातली एक फेक."

"चिंचोके मी टाकतोय. तिथं टाकतो कोण?"

"कुणी नाही. कोबाल्ट तापवा, गोठवा, ठोका, काही फरक पडत नाही."

"म्हणजे अमुक एक अणू कधी फुटणार हे तुम्हालाही ठाऊक नाही." मामांनी सूप खाली ठेवलं. "आणि यावर भरवसा ठेवायचा."

"मोहोर आला की तुम्ही बाग खंडानं देता. कुठल्या तुऱ्याला फळ धरणार, ते सांगता येतं?"

"छे."

"पण कुठल्या कलमाला किती पेट्या?"

"ते सांगतो. तुडतुडा आला, अवकाळी पडला तर चुकतं."

"कोबाल्टला तुडतुडा नाही की अवकाळी नाही. आणि एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात एकावर सोळा शून्यं इतके अणू असतात. एकाचा नेम नाही, पण एवढ्या गर्दीचा हिशेब चुकत नाही. दर वर्षी जोर साधारण १२ टक्क्यांनी उतरतो, हे केंद्रवाल्यांना आधीच ठाऊक असतं. ते पेट्या किरणांसमोर तेवढ्या जास्त वेळ ठेवतात, आणि जोर फारच उतरला की नवा कोबाल्ट घालतात."

मामा बराच वेळ त्या शेवटच्या चिंचोक्याकडं बघत होते. मला वाटलं, झालं. पण ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्यांपैकी आहेत.

"अणू चोख आहे, मानलं. माणसाचं काय? ते दिल्लीत भंगारवाल्यांचं झालं होतं ना?"

मायापुरी. दिल्ली विद्यापीठात १९६८ साली आणलेलं कोबाल्टचं गामा यंत्र १९८५ पासून नुसतं पडून होतं. २०१० च्या फेब्रुवारीत ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात निघालं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, शिसं वेगळं काढलं, आतल्या चकचकीत तुकड्यांना हात लागले. कुणाच्या लक्षात येण्याआधी माणसं आजारी पडू लागली. हातांवर भाजल्यासारखे फोड आले, केस गळले. एक जण गेला.

"अडुसष्ट ते दोन हजार दहा," मामा म्हणाले. "बेचाळीस वर्षं. तुझ्या हिशेबानं किती फेकी?"

मी मनात भागाकार केला. "आठ."

मामांनी जमिनीवरचा तो एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "आठ फेकींनंतर उरलेल्यानं माणूस मारला. अणूचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं म्हणतेस. कपाटातल्या फायलीचं किती असतं गो?"

आठ फेकींनंतर मुळातला २५६ वा हिस्सा उरतो. अणूंची संख्या इतकी अफाट असते की तेवढाही पुरला. परवाने असतात, तपासण्या असतात, जुना कोबाल्ट परत पाठवायची पद्धत आहे, हे मी सांगू शकले असते. पण नियम तेव्हाही होते. एवढ्या वर्षांत यंत्र वापरणारे निवृत्त झाले आणि त्या खोलीत काय आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. मामांच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि नाही तेच बरं. भौतिकशास्त्राच्या मास्तरणीला या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणं हेच मुळात चूक आहे.

मला सलतं ते वेगळंच. ज्या बाईच्या अंगात काही नव्हतं तिचं ताट दीड महिना वेगळं राहिलं, आणि ज्या पेटीला कुणी हात लावायला नको होता ती लिलावात बोली लावून विकली गेली. किरणोत्सार म्हणजे काहीतरी भयंकर, इतकंच आम्ही शाळेत शिकवतो आणि परीक्षेत विचारतो. भयंकर कुठं असतं आणि कुठं नसतं, हे शिकवत नाही. मग भीती मामीपाशी येऊन बसते आणि भंगाराच्या दुकानात कुणालाच वाटत नाही.

"व्यापाऱ्याला फोन करू का?" मी विचारलं.

"एवढ्यात नको. पेटीवर लिहिणार का ते, किरणं लावलीत म्हणून?"

"लिहावंच लागतं. हिरवं चिन्ह असतं त्याचं."

"मग पुढच्या वर्षी बघू. घेणाऱ्याला कळू दे आणि मग घेऊ दे. आणि पहिली पेटी जाईल तेव्हा मी बरोबर जाणार वाशीला. आत काय करतात ते बघणार."

मामी ताटलीत आंबे कापून घेऊन आल्या. अढीतलेच, कुठल्याही केंद्राचं तोंड न पाहिलेले. मामांनी पहिली फोड उचलली तेव्हा मला राहवलं नाही.

"हा मात्र किरणोत्सारी आहे."

फोड वाटेत थांबली.

"आंब्यात पोटॅशियम असतं. दर दहा हजार पोटॅशियम अणूंत एखादा अस्थिर, पृथ्वी झाली तेव्हापासूनचा. त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. केळ्यात आहे, नारळपाण्यात आहे. तुमच्या अंगात तर दर सेकंदाला चार हजारांवर फुटतात."

"माझ्या?"

"माझ्याही. मामींच्याही. शेकाच्या आधीही फुटत होते, नंतरही."

"मग माझ्याबरोबर यांचंही ताट वेगळं करायला हवं होतं," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामांनी आंबा निवांत खाल्ला, कोय चोखून ताटलीत ठेवली. चारेक मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात त्या गरातले पोटॅशियमचे साधारण दोन हजार अणू फुटले.